मोफत ईमेल खात्यालाच कागदपत्रांचे कपाट करावे का?

दप्तरदार | ९ नोव्हेंबर, २१:१२

सर्वांना नमस्कार. यंदा दिवाळीत गावचे घर आवरताना माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तीत जुने फेरफार, खरेदीखते, सारा भरल्याच्या पावत्या (काही मोडीत आहेत), गटाचे दोन मोठे नकाशे आणि आजोबांनी मुंबईहून आजीला लिहिलेली दीडेकशे पोस्टकार्डे व अंतर्देशीय पत्रे निघाली. पंधरा दिवस खपून मी सगळ्याचे स्कॅन केले. एकूण ६१२ फायली झाल्या असून त्यांचा आकार तीन जीबीच्या थोडा वर जातो.

या फायली मी एक मोफत ईमेल खाते उघडून स्वतःलाच पाठवत आहे. विषयाच्या ओळीत कागदाचे नाव, खाली दोन ओळी माहिती आणि सोबत फाईल, अशी माझी पद्धत आहे. आतापर्यंत निम्म्या फायली झाल्या. काल पुतण्याने हे पाहिले आणि तो पोट धरून हसला. त्याच्या मते ऑनलाइन ड्राइव्ह असताना ईमेलमध्ये फायली ठेवणे म्हणजे फ्रिज असताना माठात दूध ठेवण्यासारखे आहे. मला मात्र ही पद्धत सोयीची वाटते. यात खरोखर धोका काय आहे, आणि उरलेल्या फायली मी पाठवाव्यात की थांबावे, हे जाणकारांनी सांगावे.

सांगलीकर | ९ नोव्हेंबर, २१:३५

दप्तरदार, आपण एकटे नाही. माझा डीटीपीचा व्यवसाय आहे आणि गेली अठरा वर्षे प्रत्येक लग्नपत्रिकेची अंतिम फाईल मी स्वतःला ईमेल करतो. गिऱ्हाईक सहा वर्षांनी धाकट्या मुलीच्या लग्नाला येते आणि म्हणते, "थोरलीच्या वेळी केली होती तशीच करा." आडनाव शोधपेटीत टाकले की पत्रिका समोर येते आणि तारीख आपोआप लागलेली असते. फोल्डरमध्ये ठेवलेली फाईल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली हे आठवावे लागते, ईमेलमध्ये ते लागत नाही.

चहाची_तल्लफ | ९ नोव्हेंबर, २१:४१

माठातले दूध नासले तरी त्याचे दही होते, हे पुतण्याला सांगावे.

बाळू_बायनरी | ९ नोव्हेंबर, २२:२०

सोय मान्य आहे, पण आत काय घडते ते समजून घेणे आवश्यक आहे. ईमेलची मूळ व्यवस्था साध्या मजकुरासाठी घडली आहे, त्यामुळे चित्र किंवा पीडीएफ पाठवताना तिचे आधी अक्षरांत रूपांतर करावे लागते. या रूपांतराला बेस-६४ म्हणतात. त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे फाईल एक तृतीयांशाने फुगते. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली, तरी ती फुगलेल्या संदेशाला लागू होत असल्यामुळे प्रत्यक्षात साधारण १८ एमबीपर्यंतचीच फाईल सुखरूप जाते.

आपल्या पद्धतीतला खरा खड्डा मात्र पुढे आहे. फाईल मर्यादेपेक्षा मोठी झाली की अनेक सेवा ती न बोलता आपल्याच ऑनलाइन ड्राइव्हवर चढवतात आणि ईमेलमध्ये फक्त दुवा ठेवतात. पाठवणाऱ्याला वाटते की फाईल ईमेलमध्ये आहे. पुढे कधीतरी जागा करण्यासाठी तो ड्राइव्ह साफ करतो आणि ईमेल पोकळ होते. आपण गटाचे नकाशे मोठे आहेत असे लिहिले आहे. ते कसे गेले आहेत, हे एकदा पाहून घ्यावे.

जुना_मोडेम | ९ नोव्हेंबर, २३:०५

पुतण्याला हे हास्यास्पद वाटते, कारण त्याने २००४ साल पाहिलेले नाही. त्या वर्षी १ एप्रिलला जीमेल आले आणि त्यांनी १ जीबी जागा देऊ केली, तेव्हा तारखेमुळे बऱ्याच लोकांना ती थट्टा वाटली होती. हॉटमेल तेव्हा २ एमबी देत होते आणि याहू ४ एमबी. चार फोटो आले की खाते भरे आणि पाचवे पत्र परत जाई. अशा काळात एकदम १ जीबी मिळाल्यावर लोक त्यात फक्त पत्रे ठेवतील, ही अपेक्षाच चुकीची होती. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये रिचर्ड जोन्स यांनी लिनक्ससाठी जीमेल-एफएस नावाची प्रणाली लिहिली. ती फाईलचे नाव आणि इतर तपशील ईमेलच्या विषयात लिही, फाईल जोडपत्र म्हणून ठेवी आणि संगणकाला ते सगळे एखाद्या डिस्कसारखे दाखवी. विंडोजसाठी जीमेल ड्राइव्ह नावाचे तसेच एक साधन होते. जीमेलने आतली रचना बदलली की ही साधने अडत, मग नवी आवृत्ती येईपर्यंत सगळे हात चोळत बसत.

माझ्या ओळखीच्या एकाने जीमेलचे आमंत्रण (तेव्हा आमंत्रणाशिवाय खाते मिळत नसे) दोन प्लेट मिसळ खाऊन दिले होते. माझ्या अभियांत्रिकीच्या प्रकल्प अहवालाची एकमेव शिल्लक प्रत आज ईमेलमध्येच आहे. ज्या सीडीवर तो होता तिला बुरशी लागली, आणि ज्या पेनड्राइव्हवर होता तो धुण्याच्या मशीनमध्ये गेला.

शंकेखोर | १० नोव्हेंबर, ०८:१५

स्मरणरंजन बाजूला ठेवून एक वेगळे मत मांडतो. ईमेलचा पत्ता आपण बँकेला देतो, दुकानदाराला देतो, शाळेच्या गटात टाकतो. म्हणजे ज्या घराचा पत्ता सर्वांना ठाऊक आहे त्याच घरात आपण खरेदीखत ठेवत आहोत. एक फसवी लिंक दाबली गेली की चोराला आधार, पॅन, सही आणि जमिनीचे कागद एकाच शोधपेटीत सापडतात, आणि तेही आपणच व्यवस्थित नावे देऊन ठेवलेले. सांगलीकर ज्या शोधपेटीचे कौतुक करतात ती चोरालाही तितकीच उपयोगी आहे.

सांगलीकर | १० नोव्हेंबर, ०८:५०

शंकेखोर, हा धोका ऑनलाइन ड्राइव्हलाही आहे, कारण खाते एकच आणि पासवर्डही एकच. शिवाय दप्तरदारांनी वेगळे खाते उघडले आहे असे स्वतःच लिहिले आहे.

शंकेखोर | १० नोव्हेंबर, ०९:०२

वेगळ्या खात्याचा उल्लेख माझ्या वाचनातून निसटला, तेवढा मुद्दा मागे घेतो. पण त्या वेगळ्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर मोबाइलवरचा संकेतांकही मागणारी) लावली आहे का, आणि संवेदनशील पीडीएफला स्वतंत्र पासवर्ड घातला आहे का, हे दोन प्रश्न कायम राहतात.

राइनकाठ | १० नोव्हेंबर, १२:४०

वेगळे खाते काढणाऱ्यांसाठी माझा अनुभव मुद्दाम सविस्तर लिहितो. २०१६ साली जर्मनीला येण्यापूर्वी मी पदव्या, जन्मदाखला, लग्नाचे प्रमाणपत्र आणि आईचे सर्व वैद्यकीय कागद एका स्वतंत्र मोफत खात्यात पाठवून ठेवले होते. सेवेचे नाव घेत नाही, कारण चूक बहुतांशी माझी होती. त्या खात्याशी माझा भारतातला मोबाइल क्रमांक जोडलेला होता. इकडे आल्यावर काही महिन्यांनी रिचार्ज करायचे राहिले आणि क्रमांक बंद पडला. आपल्याकडे बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवस थांबून पुन्हा दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि माझा तसा दिला गेला.

तीन वर्षांनी इथल्या कार्यालयाने जन्मदाखला मागितला तेव्हा मी नव्या लॅपटॉपवरून त्या खात्यात जाण्याचा प्रयत्न केला. पासवर्ड बरोबर होता, पण देश नवा, यंत्र नवे, त्यामुळे त्यांनी जुन्या क्रमांकावर संकेतांक पाठवला. तो क्रमांक आता बुलढाण्याच्या एका सद्गृहस्थांकडे होता. त्यांना फोन करून सगळी हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितले की, "साहेब, ओटीपी कोणालाही देऊ नका असे बँकेने सांगितले आहे." ते योग्यच वागले. खाते अखेर मिळाले नाही. मोफत सेवेत दाद मागायला समोर माणूस नसतो, एक अर्ज असतो आणि त्याला यंत्राने दिलेले उत्तर असते. भावाने नगरपालिकेत दोन खेपा घालून जन्मदाखला पुन्हा काढला. आईचे जुने अहवाल मात्र गेले ते गेलेच.

स्वतंत्र खाते सुरक्षित असते, पण ते आपण वर्षानुवर्षे उघडत नाही, आणि न उघडलेल्या खोलीची किल्ली कुठे आहे हे कळायला गरजेचा दिवसच उजाडावा लागतो.

मीनाक्षी_ठाणे | १० नोव्हेंबर, १३:२५

राइनकाठ यांच्या अनुभवाला जोडून सांगते की, खाते न उघडण्याचा आणखी एक परिणाम होतो. गूगलने २०२३ साली जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे अजिबात न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातल्या सामग्रीसह काढून टाकले जाऊ शकते, आणि ही कारवाई त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून सुरू झाली. केवळ कपाट म्हणून उघडलेले खाते नेमके याच नियमात सापडते. वर्षातून दोनदा लॉगिन करून एखादे पत्र उघडावे. मी त्यासाठी गुढीपाडवा आणि दसरा असे दोन दिवस ठरवले आहेत, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

काळा_कोट | १० नोव्हेंबर, १८:३०

वकिलीच्या दृष्टीने थोडे लिहितो. ज्या कागदाची अधिकृत प्रत पुन्हा मिळते, त्याचे स्कॅन जिवापाड जपण्यात अर्थ नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि व्यवहारासाठी ताजाच मागितला जातो. सात वर्षांपूर्वीचा सातबारा ईमेलमधून काढून दाखवला तर समोरचा माणूस तो वाचणारही नाही. वाहन परवाना किंवा गुणपत्रिकेसाठी डिजीलॉकर आहे. तिथे जारी झालेला दस्तऐवज २०१६च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः स्कॅन करून तिथे चढवलेल्या फाईलला मात्र तो मान नाही, आणि हा फरक पुष्कळ लोकांच्या लक्षात येत नाही.

दप्तरदारांच्या ट्रंकेतले जुने फेरफार आणि मोडी पावत्या वेगळ्या वर्गात मोडतात. त्यांचे मूळ कागद जपावेत, कारण वाद उभा राहिला तर न्यायालयात मूळच मागतील. पोस्टकार्डांची नक्कल तर कोणत्याच कार्यालयात मिळणार नाही.

दप्तरदार | १० नोव्हेंबर, २२:१०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाळू, आपला प्रतिसाद वाचून मी ताबडतोब तपासले आणि अंगावर काटा आला. दोन्ही नकाशे आणि एका खरेदीखताची जाड फाईल अशा तीन गोष्टी ईमेलमध्ये नव्हत्या, केवळ दुवे होते. आणि मी गेल्याच आठवड्यात "या तर ईमेलमध्ये आहेतच" असे समजून ड्राइव्हवरच्या त्या तिन्ही फायली काढून टाकल्या होत्या. या तिन्हींची स्कॅन केलेली मूळ प्रत पुतण्याच्या लॅपटॉपवर होती, आणि ती त्याने जागा हवी म्हणून पुसली होती. सुदैवाने ड्राइव्हच्या कचरापेटीत फायली महिनाभर राहतात, त्यामुळे त्या परत मिळाल्या. आज पुतण्या हसला नाही.

द्विस्तरीय पडताळणी लावली आहे, परंतु ती माझ्या एकट्याच्या मोबाइलवर अवलंबून आहे. राइनकाठ यांचे वाचून आता मोबाइल नसतानाही चालणाऱ्या अतिरिक्त संकेतांकांची यादी छापून कपाटात ठेवतो.

नांदेडी | १० नोव्हेंबर, २२:४८

बुलढाण्याच्या त्या सद्गृहस्थांना या धाग्यातर्फे नमस्कार.

बाळू_बायनरी | ११ नोव्हेंबर, ०७:५५

दप्तरदार, वाचलात. आता ईमेलच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुतण्याच्या पक्षाचा ठरेन. एकदा पाठवलेले ईमेल बदलता येत नाही. संगणकाशी जुळवलेल्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये चुकून फाईल पुसली किंवा खंडणीखोर विषाणूने ती कुलूपबंद केली, तर तो बदल इमानेइतबारे वरही पोचतो. काही सेवा मागच्या आवृत्त्या काही काळ ठेवतात, पण ती मुदत संपण्याआधी आपल्या लक्षात यायला हवे. ईमेलमधली जुनी प्रत तशीच बसून राहते. पाच वेळा सुधारलेला मसुदा पाच वेळा स्वतःला पाठवला, तर पाचही आवृत्त्या तारखेसह मिळतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले स्कॅन दाबून लहान केले जाते आणि अक्षरे फुटतात, ईमेलचे जोडपत्र मात्र आहे तसे पोचते.

शंकेखोर | ११ नोव्हेंबर, ०९:३०

"तशीच बसून राहते" हे सेवा सुरू आहे तोवर. याहूची ब्रीफकेस नावाची ३० एमबीची मोफत साठवण २००९ साली बंद झाली, आणि तीही मोठ्याच कंपनीची होती.

जुना_मोडेम | ११ नोव्हेंबर, १०:१०

आणि सेवा चालू असतानाही खाते रिकामे दिसू शकते. २७ फेब्रुवारी २०११ रोजी साठवणीच्या प्रणालीतल्या एका दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांना आपली खाती रिकामी दिसली होती. प्रमाण सुमारे ०.०२ टक्के होते. त्यांची पत्रे अखेर चुंबकीय फितींवरच्या प्रतींमधून परत आणली गेली. फिती संगणकाला जोडलेल्या नसल्यामुळे तो दोष तिथपर्यंत पोचलाच नव्हता. जगातली एवढी मोठी कंपनी जर स्वतःची एक प्रत तारेपासून वेगळी ठेवत असेल, तर आपण एक हार्ड डिस्क कपाटात का ठेवू नये?

सांगलीकर | ११ नोव्हेंबर, ११:४५

एका बाबतीत माझीच अठरा वर्षांची पद्धत मला कशी नडली, ते सांगितले पाहिजे. मागच्या वर्षी २००७ सालची एक गौरविका पुन्हा छापायला आली. ईमेलमध्ये फाईल क्षणात सापडली, उघडली आणि आत अक्षरांचा नुसता पालापाचोळा. ती पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली होती आणि अक्षरे त्या काळच्या युनिकोडपूर्व (म्हणजे तो फाँट नसेल तर वाचता न येणाऱ्या) मराठी फाँटात होती. फाँट गेला, पेजमेकर गेला, फाईल मात्र शाबूत. शेवटी छापील अंक शोधून ऐंशी पाने पुन्हा टंकली. तेव्हापासून मूळ फाईलबरोबर फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफही त्याच ईमेलला जोडतो. फाईल टिकणे आणि ती वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ऐंशी पाने टंकताना चांगलेच बिंबले.

मीनाक्षी_ठाणे | ११ नोव्हेंबर, १२:२०

सापडण्यावरून आठवले. माझ्या खात्यात एकाच शेताचे कागद "सातबारा", "७/१२", इंग्रजी आकड्यांतला सातबारा आणि "उतारा" अशा चार नावांनी पडलेले होते. एक शब्द शोधला की एकच चतुर्थांश मिळे. स्कॅन म्हणजे चित्र असते, त्यातले हस्ताक्षर शोधपेटीला वाचता येईल यावर विसंबू नये, आणि मोडीवर तर नाहीच. म्हणून आता गाव, गट क्रमांक, कागदाचा प्रकार, वर्ष, कोणाकडून कोणाकडे, हे सगळे मी पत्राच्या मजकुरात लिहिते आणि आकडे मुद्दाम दोन्ही लिप्यांत देते. ड्राइव्हमध्ये हे फाईलच्या नावात कोंबावे लागते, ईमेलमध्ये ऐसपैस लिहिता येते. दप्तरदार दोन ओळी माहिती लिहितात, ती सवय त्यांनी सोडू नये असे मला वाटते.

दुसरी गोष्ट मी जरा संकोचाने लिहिते. माझे सासरे गेले तेव्हा विम्याचे कागद त्यांच्या ईमेलमध्ये होते आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. गूगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थेसाठी एक सोय आहे. खाते किती काळ बंद राहिले तर कळवायचे (३ ते १८ महिने), कोणाला कळवायचे (जास्तीत जास्त १० जण) आणि त्यांना काय काय मिळावे, हे आधीच ठरवून ठेवता येते. आमच्या घरी आता सर्वांनी ते भरले आहे. ट्रंकेला किल्ली नसली तर कुलूप तोडता येते, इथे तो मार्ग नाही.

काळा_कोट | ११ नोव्हेंबर, १९:०५

मीनाक्षीताईंच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. मृत्युपत्र ईमेलमध्ये ठेवून पासवर्ड मनात ठेवणारे पक्षकार माझ्याकडे येऊन गेले आहेत. म्हणजे खरे तर त्यांचे वारस आले.

राइनकाठ | ११ नोव्हेंबर, २०:१५

मूळ प्रश्न उरलेल्या फायली पाठवाव्यात की थांबावे असा होता, आणि त्याचे थेट उत्तर अजून कोणी दिलेले नाही. मी हात पोळलेला माणूस असूनही माझे उत्तर "पाठवा" असे आहे. मात्र सगळ्या पाठवू नयेत. पोस्टकार्डे लहान असतात, प्रत्येकाला तारीख असते आणि लिहिणारा व वाचणारा असतो. त्यांना ईमेलचा साचा जसा शोभतो तसा कोणत्याही फोल्डरचा शोभणार नाही. नकाशे आणि जाड खरेदीखते ड्राइव्हवर व हार्ड डिस्कवर ठेवावीत, आणि ईमेलमध्ये ती कुठे आहेत एवढी नोंद असावी. आणि खात्याला मुलाचा किंवा पुतण्याचा क्रमांकही जोडावा.

शंकेखोर | ११ नोव्हेंबर, २०:४०

ओळखपत्रे आणि सहीचे नमुने वगळून, मी याला विरोध करत नाही.

दप्तरदार | १३ नोव्हेंबर, २२:३०

दोन दिवस लिहू शकलो नाही, कारण कामच चालू होते. नकाशे आणि दस्त ड्राइव्हवर गेले, सर्व ६१२ फायलींची एक प्रत हार्ड डिस्कवर झाली आणि ती डिस्क बहिणीकडे नाशिकला ठेवायला दिली. पुनर्प्राप्तीसाठी पुतण्याचा क्रमांक जोडला आहे.

पोस्टकार्डे मात्र ईमेलनेच पाठवत आहे, आणि त्यात एक बदल केला आहे. विषयाच्या ओळीत आता पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख लिहितो आणि मजकुरात आजोबांचे पत्र जसेच्या तसे टंकतो. रोज पाच पत्रे होतात. काल पुतण्या शेजारी येऊन बसला आणि त्यातली दोन त्याने टंकली. "नंदीचा पाय बरा आहे का?" असे आजोबांनी विचारलेले वाचून त्याने विचारले की नंदी कोण. बैल, असे सांगितल्यावर पुढच्या पत्रात त्याचे काय झाले, हे तो शोधत आहे. ते पत्र कोणत्या गठ्ठ्यात आहे हे अजून सापडलेले नाही.